काळोखातली चार मिनिटं

सुलभामामी चिपळूणला बहिणीकडे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरातला फोन वाजला. जनार्दनमामा ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. त्याने लुंगीला हात पुसले, फोन कानाला लावला आणि विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मामाच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, चेष्टा पुरे. सुलभा माझी बायको. तिचा आवाज मला कळत नाही होय? नंबर चुकलाय तुमचा." त्याने फोन ठेवून दिला आणि पुन्हा शेंगांकडे वळला.

गार्गी जिन्यात उभी होती. मिनिटभरात तिचा फोन वाजला.

"गार्गी, अगं माझा फोन बंद पडला, म्हणून अक्काच्या फोनवरून लावला, तर हे मला ओळखेचनात!" मामी हसत होती, पण त्या हसण्यात दम नव्हता. "बरं आहे ना त्यांना?"

"रेंजचा घोळ असेल. सकाळपासून खरखर आहे," गार्गी म्हणाली.

खरखर कसलीही नव्हती. गार्गी वर गेली, आपल्या कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि टेबलापाशी बसून राहिली. समोरच्या पडद्यावर तिच्या फिल्ममधली मुलगी थांबलेली होती. पिवळ्या दिव्याखाली बसलेली, कानाला फोन, खांद्यावरून पुढे घेतलेली लांब वेणी. या एका प्रसंगासाठी गार्गीने एकोणीसशे चित्रं हाताने काढली होती.

फिल्म अकरा मिनिटांची होती आणि गार्गी सहा वर्षं ती करत होती. निर्माता नाही, कंपनी नाही. पुण्यातली नोकरी सोडून ती देवरुखला मामा-मामींच्या घरी परत आली होती, वरच्या खोलीत टेबल मांडून एकटीच चित्रं काढत होती. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून या दोघांनीच तिला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. गार्गीने जगात प्रेम म्हणून जे पाहिलं, ते या घरात. फिल्म त्या दोघांचीच होती.

गोष्ट होती तशी साधी. पन्नासएक वर्षांपूर्वी, एकोणीसशे नव्वद साली, जनार्दन घाग टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि सुलभा केळकर एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तो डोंगरातल्या कुठल्यातरी खांबावर चढायचा, कमरेचा फोन तारेला जोडायचा आणि लाइन तपासायला एक्स्चेंजला बोलायचा. उत्तर ती द्यायची. आठ महिने ते रोज बोलले. एकमेकांना पाहिलं मात्र नव्हतं, कारण याची नेमणूक घाटाकडच्या ठाण्यावर आणि ती गावात.

त्या नोव्हेंबरात वादळ आलं. घाटाकडच्या एका वाडीत एक बाई बाळंतपणात अडली होती आणि तारा तुटलेल्या. जनार्दन संध्याकाळी सातच्या अंधारात खांबावर चढला. वर गेल्यावर खांब हलायला लागला आणि त्याचे हातपाय गारठले. त्याने गावाकडची तार कशीबशी जोडली आणि फोनवर एवढंच म्हणाला, "मला उतरताही येत नाही आणि कामही होत नाही." सुलभाला काय बोलावं सुचेना. तिने समोर टांगलेली ग्राहकांची यादी वाचायला घेतली. एक नंबर, पोलीस ठाणं. दोन नंबर, मामलेदार कचेरी. तीन नंबर, दवाखाना. ती वाचत राहिली आणि तो त्या आवाजाला धरून वाडीची तार जोडत राहिला. चौसष्टाव्या नंबरावर लाइन लागली. डॉक्टर गेले, बाई वाचली, मूलही वाचलं. पुढे केळकरांच्या घरी मोठं भांडण झालं, वर्षभर अबोला झाला, पण लग्न झालं.

ही गोष्ट गार्गीने शंभरदा ऐकली होती. पण फिल्मसाठी तिला ऐकीव गोष्ट नको होती. मामाने जे पाहिलं तेच हवं होतं, आणि ते मिळवण्याचं यंत्र तोवर निघालं होतं.

त्याला प्रतिमावाचक टोपी म्हणत. आपण डोळ्यांनी काही पाहतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात जी हालचाल होते, तशीच, पण बरीच फिकी हालचाल डोळे मिटून आठवतानाही होते. टोपीतले संवेदक ती टिपायचे आणि लाखो चित्रांवर शिकलेला संगणक तिच्यावरून चित्र उभं करायचा. पहिल्या फेरीत नुसतं धुकं दिसायचं. ते धुकं माणसाला दाखवायचं, पुन्हा आठवायला लावायचं; दर फेरीला ते थोडं विरळ व्हायचं. गार्गीची कॉलेजातली मैत्रीण डॉक्टर फाल्गुनी रेगे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यावर काम करत होती. तिने टोपी दिली ती दोन अटींवर.

"आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे," फाल्गुनीने सांगितलं होतं. "ती कच्च्या मातीसारखी असते. बाहेर काढली की ओली होते आणि सहाएक तासांत पुन्हा सुकते. ओली असताना तिला जे चिकटेल ते तिचाच भाग होऊन बसतं. म्हणून एका आठवणीच्या पाचच फेऱ्या घ्यायच्या. आणि संगणकाचं धुकंच दाखवायचं, तुझी चित्रं अजिबात नाही."

बाकीच्या आठवणी पाच फेऱ्यांत छान उतरल्या. रजिस्टर कचेरीतला निळा बाक, भाड्याच्या खोलीतला स्टोव्ह, सहा वर्षांची गार्गी दप्तर घेऊन दारात उभी. पण वादळाच्या त्या संध्याकाळचं धुकं काही केल्या विरळ होईना. पाच फेऱ्या झाल्या, सात झाल्या. युरोपातल्या एका महोत्सवाने फिल्मचा तुकडा पाहून पूर्ण फिल्म मागवली होती. तारीख जवळ आली होती. नवव्या फेरीला गार्गीने स्वतः काढलेलं चित्र मामापुढे धरलं, "मामा, असंच होतं का?" मामा म्हणाला, "असेल बुवा." पंधराव्या फेरीला म्हणाला, "हो, असंच." एक्केचाळिसाव्या फेरीला संगणकाने वेणीवाली मुलगी लख्ख उभी केली, तेव्हा मामा डोळे मिटून हसत होता.

चिपळूणच्या त्या फोननंतर दोन दिवसांनी मामी परत आली. दारात तिला पाहून मामाचा चेहरा उजळला. "आलीस? एसटीला गर्दी होती का?" सगळं नेहमीसारखं. गार्गीचा जीव भांड्यात पडला.

पण मामी गप्प बसणारी नव्हती. दुपारी चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून आवाज दिला, "अहो, साखर किती घालू?"

मामाने दचकून गार्गीकडे पाहिलं. "आत कोण आलंय गो?"

मामी चमचा हातात घेऊनच बाहेर आली. "मी आहे. तुमची बायको."

"दिसतेयस ना. पण मघाशी कोण बोललं?"

मामाने विषय बदलावा तसं, समजुतीच्या सुरात म्हटलं, "सुलभा, तू एक्स्चेंजमध्ये होतीस ना, तेव्हा तुझी वेणी काय सुंदर होती! अशी खांद्यावरून पुढे. हल्ली सारखी डोळ्यापुढे येते."

"कसली वेणी?" मामी म्हणाली. "त्या साली मला विषमज्वर झाला होता. मुंडण करावं लागलं. वादळ आलं तेव्हा माझे केस दोन बोटं होते. डोक्याला रुमाल बांधून कामावर जायचे."

"काहीतरीच. मला समोर दिसतंय."

"तुम्ही मला पाहिलंच नव्हतं हो तेव्हा!"

"तू विसरलीस," मामा म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला जी धार आली ती गार्गीने या घरात कधी ऐकली नव्हती. "मी विसरलेलो नाही. खोटं कशाला बोलतेस?"

मामी आत गेली. तिने गॅस बंद केला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या घरात दुपारचा चहा झाला नाही.

गार्गीने त्याच संध्याकाळी फाल्गुनीला फोन केला. आधी ती म्हणाली, सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. फाल्गुनीने फक्त एवढंच म्हटलं, "टोपीतली नोंद पाठव." नोंद गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फाल्गुनी स्वतः देवरुखला हजर झाली. गार्गीच्या खोलीत तिने दार लावलं आणि उभ्याउभ्याच बोलली.

"धुकं विरळ का होत नव्हतं, याचा विचार तरी केलास का?"

"वाटलं, वय झालंय त्याचं. आठवण पुसट झाली असेल."

"पुसट काही नव्हती. ठणठणीत होती. पण तिच्यात चित्र नव्हतंच, गार्गी! तो अंधारात खांबावर होता. त्याच्याकडे होता तो आवाज. तू त्याच्याकडे नसलेली गोष्ट एक्केचाळीस वेळा मागितलीस आणि शेवटी आपल्या हाताने आत ठेवलीस."

"पण आवाज का जावा? मी आवाजाला हातही लावला नाही."

"म्हणूनच गेला. आठवणीचे तुकडे मेंदूत वेगवेगळ्या जागी असतात, चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. सगळ्यांना बांधणारी एक गाठ असते. दरवेळी ती गाठ सुटते आणि नव्याने बसते. जो तुकडा वापरला तो घट्ट बसतो, जो वापरला नाही तो सैल होतो. तिच्या आवाजाची त्याची सगळी ओळख त्या आठ महिन्यांत रुजलेली. तू मुळाशीच खणत होतीस." ती खुर्चीत बसली. "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी ते कर."

गार्गीने ओटीवर दोघांना बसवून सांगितलं. सांगताना एकही गोष्ट लपवली नाही. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मामा ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "किती वेळा म्हणालीस?"

"एक्केचाळीस."

"मला म्हणालीस, ही पाचवी."

"तू मोजत नव्हतास, मामा."

"मी मोजत नव्हतो, कारण तू मोजत होतीस."

तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ सुपारीच्या झाडाला टेकून उभा राहिला. गार्गीला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

परत आला तेव्हा तो फाल्गुनीशी बोलला. "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. माझ्या डोक्यात आता जी मुलगी दिसते, ती ही नव्हे?"

"नाही, काका. ते गार्गीचं चित्र आहे."

"आणि आवाज परत येईल?"

फाल्गुनीने शब्द जपून वापरले. "एक प्रयत्न करता येईल. ज्या वाटेने बिघडलं त्याच वाटेने. तुम्ही ती संध्याकाळ पुन्हा आठवायची, खोलीत पूर्ण अंधार, चित्र काहीही दाखवायचं नाही. आठवण ओली झाली की त्याच वेळी काकूंनी तीच यादी वाचायची, दुसऱ्या खोलीतून, फोनवर. आवाजाचा सैल धागा अजून शिल्लक असेल तर तो बांधला जाईल. नसेल तर चित्राचीही गाठ सुटू शकते. मग त्या संध्याकाळचं काहीच उरणार नाही."

"संगणकावर मामीचा तरुणपणचा आवाज तयार करता येतो म्हणे," गार्गी हलक्या आवाजात म्हणाली.

"नको," मामी एकदम म्हणाली. "एकदा उसनं तोंड दिलंस त्यांना. आता उसना आवाज नको. आणि हा प्रयोगही नको. मी समोर असले की ओळखतात ना? पुष्कळ झालं. वेणी तर वेणी. काहीतरी राहू दे त्यांच्यापाशी."

"सुलभा," मामा म्हणाला, "काल मी तुला खोटारडी म्हटलं. कुणासाठी? जी नव्हतीच तिच्यासाठी. हे असंच वाढत जाणार. उद्या मी तिच्या बाजूने तुझ्याशी रोज भांडेन. ते मला नको."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर तू सांगशील. तुझ्याकडे आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर तिनेच फोन घेतला आणि स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली.

वरच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. मामा टोपी घालून आरामखुर्चीत, कानात मामीचा फोन ऐकू येईल असा इयरफोन. फाल्गुनीच्या हातात त्याच्या नाडीची पट्टी. गार्गी भिंतीकडे तोंड केलेल्या पडद्यासमोर, मामाला दिसणार नाही अशी. तिच्या उजव्या हाताशी यंत्र थांबवायची कळ होती.

"आठवा, काका," फाल्गुनी म्हणाली.

पडद्यावर लगेच वेणीवाली मुलगी आली. इतकी स्पष्ट की गार्गीला आपल्या पेन्सिलीचे फटकारे ओळखू आले. तिला त्या चित्राची किळस आली.

"ओली झाली आठवण," फाल्गुनी कुजबुजली. "काकू, सुरू करा."

मामीचा आवाज पडद्याशेजारच्या भोंग्यातूनही बारीक येत होता. एक्काहत्तर वर्षांचा, किंचित चिरका. "एक नंबर, पोलीस ठाणं. दोन नंबर, मामलेदार कचेरी. तीन नंबर, दवाखाना."

मामाचा चेहरा कोराच. परक्या बाईचं भाषण ऐकावं तसा.

"नऊ, वखार. दहा, विठ्ठल मंदिर. अकरा, हायस्कूल."

मुलीच्या वेणीची कड फाटली. मग दिवा विझल्यासारखा पिवळा रंग गेला. विसाव्या नंबराला चेहरा पुसट झाला, पंचविसाव्याला नुसता डाग उरला. तिसाव्या नंबराला पडदा काळा पडला. मामाची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली आणि कपाळावर घाम आला.

"नाडी एकशे अठरा," फाल्गुनी म्हणाली. "गार्गी, चित्र?"

"गेलं. पूर्ण काळं."

"धुकंही नाही?"

"काहीच नाही."

"मग आठवण तुटतेय. आत्ता थांबवलं तर चित्र तरी परत बसेल. सांग लवकर. थांबवू?"

गार्गीचं बोट कळीवर होतं. काळ्या पडद्याकडे पाहताना तिच्या मनात आलं, सहा वर्षं आपण ज्याला रिकामं समजून भरत राहिलो ते हेच तर नसेल? तो अंधारात होता. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. मग खरी आठवण दिसायला कशी दिसेल? अशीच. आणि काहीच उरलं नसेल तरी ती दिसेल अशीच. दोन्ही काळोख सारखेच होते. यंत्र यापुढे सांगू शकत नव्हतं.

तिने बोट उचललं. "नको थांबवू."

"पस्तीस, सॉ मिल. छत्तीस, डाक बंगला. सदतीस, खरेदी-विक्री संघ. अडतीस, डॉक्टर लिमये. चाळीस, भात गिरणी."

"एकोणचाळीस राहिला," मामा म्हणाला.

खाली आवाज थांबला.

मामाचे डोळे मिटलेलेच होते. "एकोणचाळीस गाळलात, बाई. मी वर मोजत होतो. तेव्हा विचारायचा धीर झाला नाही."

जिन्यावर पावलं वाजली. मामी धापा टाकत दारात आली, फोन कानालाच होता. आता ती दारातून बोलत होती, तरी फोनमध्येच बोलत होती.

"मुद्दाम गाळला होता. आमच्या घरचा नंबर होता तो. परक्या पुरुषाला कसा सांगायचा? हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही."

गार्गीने पाहिलं, पडदा काळाच होता. मामाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "सुलभा, पुढे वाच. चौसष्टपर्यंत वाच."

ती वाचत राहिली. कुणी घोंगड्या काढल्या नाहीत.

सगळं जागच्या जागी आलं असं झालं नाही. अजूनही एखाद्या सकाळी मामी मागच्या दारातून बोलली की मामा गडबडतो, दोन-तीन वाक्यं व्हावी लागतात. भाड्याच्या खोलीतला स्टोव्ह आणि निळा बाक यांतलं त्याचं किती आणि गार्गीचं किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. फाल्गुनीने एक्केचाळीस फेऱ्यांची पूर्ण नोंद, गार्गीच्या सहीचा कबुलीजबाब जोडून, आपल्या प्रयोगशाळेच्या संस्थेपुढे ठेवली. गार्गीला पुन्हा टोपी मिळणार नाही असं ठरलं, आणि घरगुती वापराची टोपी बाजारात यायची होती ती थांबली. फाल्गुनी दोन महिने गार्गीशी बोलली नाही.

मामासुद्धा बरेच दिवस कमी बोलला. तिच्या खोलीत येणं त्याने बंद केलं होतं. एके दिवशी तो आपण होऊन वर आला, टेबलावरची कोरी पानं पाहिली आणि म्हणाला, "थांबलीस का? चित्रं टोपीशिवाय काढता येत नाहीत काय?"

तिने एकोणीसशे चित्रं बाजूला केली. महोत्सवाची तारीख उलटून गेली होती. मग तिने दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि जिथे दोघांचं जुळत नव्हतं तिथे दोन्ही तऱ्हांनी काढलं. खांबावरच्या प्रसंगाला काहीही काढलं नाही. तिथे चार मिनिटं पडदा काळा आहे आणि मामी यादी वाचते. दुसऱ्या वर्षी त्याच महोत्सवाने फिल्म नाकारली. कळवलं की मधला भाग अपूर्ण वाटतो.

पहिला खेळ देवरुखच्या शाळेच्या सभागृहात झाला. शंभरेक माणसं आली होती, बरीचशी टेलिफोन खात्यातली जुनी मंडळी. पडदा काळा झाला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय रे?" हशा झाला. मग यादी सुरू झाली. पंधराव्या-सोळाव्या नंबरापर्यंत सभागृहात खोकलाही ऐकू येईना. गार्गी मागे यंत्रापाशी उभी होती. तिथून तिला मामा-मामी दिसत नव्हते, आणि पाहायला जावंसं तिला वाटलंही नाही.

दिवे लागले. लोक भेटले, बोलले, पांगले. ती वायर गुंडाळत होती तेव्हा दोघं बाहेर पडताना दिसली. मामी रागावलेली होती.

"इतकी किनरी बोलते का हो मी? सगळ्यांनी ऐकलं."

"हे काहीच नाही," मामा म्हणाला. "तेव्हा याहून किनरी होतीस. कानातून आरपार जायचा आवाज."

"मुळीच नाही. तेव्हा माझा आवाज गोड होता. सगळे म्हणायचे."

"सगळ्यांना काय माहीत? वर खांबावर मी होतो."

दोघं भांडत पायऱ्या उतरली. गार्गीची वही खिशातच होती. तिने ती बाहेर काढली नाही.